बॅनरलॉर्ड: भूक सगळ्यांना, आठवण कुणालाच नाही

मध्ययुगीन सँडबॉक्स (ठरीव गोष्ट नाही, मोकळ्या जगात मनाला येईल ते करायचं) स्ट्रॅटेजी खेळ घेण्याआधी बहुतेक जण यूट्यूबवर लढाया बघतात. लढाया सगळ्याच खेळांत बऱ्या दिसतात. जग जिवंत आहे की नुसता देखावा, हे बघायची रीत वेगळी. खेळात एखादं शहर गाठायचं, आत जाऊन मुक्काम टाकायचा आणि खेळातले दहा-पंधरा दिवस काहीही करायचं नाही. या काळात धान्याचा भाव हलला का? हलला असेल तर कारण सापडतं का? वेशीतून कोण आलं, कोण गेलं? आपण नसताना कुणाचं काही अडलं का, कुणाचं काही साधलं का? ही उत्तरं मिळाली तर पैसे वसूल. नाही तर तो खेळ म्हणजे आपण पोचलो की दिवे लागणारं दुकान.

माउंट अँड ब्लेड 2: बॅनरलॉर्ड या परीक्षेच्या अर्ध्या पेपरात वर्गात पहिला येतो आणि उरलेल्या अर्ध्यात सपशेल नापास होतो. दोन्ही निकाल सविस्तर सांगण्यासारखे आहेत.

ओळख थोडक्यात. अंकाऱ्याच्या टेलवर्ल्ड्स कंपनीचा हा खेळ. पहिला माउंट अँड ब्लेड 2008 चा, त्याचीच वाढीव आवृत्ती वॉरबँड 2010 ची. बॅनरलॉर्डची घोषणा 2012 ला झाली आणि अर्ली अ‍ॅक्सेस (अपुरा खेळ आधीच विक्रीला काढणं) उघडला 30 मार्च 2020 ला, म्हणजे आपल्याकडे लॉकडाउन लागून आठवडाही झाला नव्हता तेव्हा. पूर्ण आवृत्ती 25 ऑक्टोबर 2022 ची. जगाचं नाव कॅलराडिया, सुरुवातीचं साल 1084. सम्राट मेलाय, साम्राज्याचे तीन तुकडे होऊन ते आपसांत भांडतायत आणि भोवती व्लांडिया, स्टर्जिया, बटानिया, असेराई आणि खुजैत ही पाच राज्यं टपून बसलीयत. तुमच्याकडे एक घोडं, थोडे पैसे आणि चार-दोन माणसं. पुढे व्यापारी व्हा, भाडोत्री फौज बांधा, सरदार व्हा नाहीतर स्वतःचं राज्य काढा.

भाव कुठून येतो

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा ज्यानं पाहिलाय त्याला भाव आकाशातून पडत नाही हे सांगावं लागत नाही. आवक किती, माल कुठल्या भागातला, रस्ते चालू आहेत का, यावर सगळं ठरतं. 2019 आणि 2021 च्या महापुरात कृष्णेनं रस्ते तोडले तेव्हा साधी पालेभाजीही कशी नाहीशी होते ते या भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. बॅनरलॉर्डचा बाजार नेमक्या याच तत्त्वावर उभा आहे, आणि या जातीच्या खेळांत ही गोष्ट दुर्मीळ आहे.

रचना अशी. प्रत्येक गाव एखाद्या शहराला किंवा किल्ल्याला जोडलेलं असतं आणि प्रत्येक गावाचा एक मुख्य माल ठरलेला असतो: गहू, द्राक्षं, लोकर, जवस, माती, लोखंडाचं खनिज, मासे, घोडे. माल साठला की गावकऱ्यांचा जथा तो लादून शहराकडे निघतो. शहरात तो विकला जातो, त्यातून बाजारात माल येतो आणि गावात पैसा जातो. शहरातली वर्कशॉप्स तो कच्चा माल उचलतात. ब्रुअरी धान्याची बिअर करते, विणकर लोकरीचं किंवा जवसाचं कापड, टॅनरी कातड्याचं चामडं, कुंभारवाडा मातीची भांडी. मग व्यापारी तांडे तयार माल एका शहरातून दुसऱ्या शहरात नेतात. यातली एकही गोष्ट पडद्यामागे आकडा बदलून होत नाही. जथा नकाशावर दिसतो, त्याच्यावर माउस नेला तर कुठल्या गावचा आणि किती माणसांचा ते कळतं.

आता या साखळीतली एक कडी तोडून बघा. वीस-पंचवीस गावकरी धान्य घेऊन निघालेत. वाटेतल्या टेकडीआडून तीसेक लुटारू निघतात. गावकऱ्यांचा वेग ओझ्यामुळे कमी, लुटारू मोकळे. पाठलाग अर्धा दिवस चालतो. सापडले की माल गेला, माणसं कैद. त्या दिवशी शहरात ते धान्य पोचतच नाही. दोन-तीन जथे असेच गेले की बाजारात धान्याच्या किमतीचा आकडा लाल होतो (स्वस्त माल हिरव्यात दिसतो, महाग लालमध्ये), ब्रुअरीचं उत्पन्न घसरतं आणि शहराच्या अन्नसाठ्यापुढचा रोजचा आकडा अधिकातून उण्यात जातो. शेजारच्या शहरात धान्य स्वस्त असेल तर एखादा तांडा वाट वाकडी करून ते घेऊन येतो, भाव पुन्हा खाली. तुम्ही यात बोटही लावलेलं नसतं. लावायचं म्हटलं तर तुम्हीच खेचरांवर धान्य घालून तिथे पोचायचं आणि दुप्पट भावानं विकायचं. नवख्या खेळाडूला पहिले चार पैसे मिळवायचा याहून सुरक्षित मार्ग नाही.

वर्कशॉप घेताना बहुतेकांचं चुकतं ते इथेच. शहर मोठं आहे, घ्या ब्रुअरी, असं करू नका. एन दाबून एन्सायक्लोपीडिया उघडा. शहराच्या पानावर त्याला जोडलेली गावं दिसतात, गावाच्या पानावर त्याचा मुख्य माल. किमान दोन गावं धान्याची असतील तरच ब्रुअरीचा विचार करा. मग बाजारात बिअरचा भाव बघा. कच्चा माल हिरवा आणि तयार माल लाल असेल तर जागा योग्य. दोन्ही हिरवे असतील तर शहरात बिअर आधीच तुंबलीय, तिथे पैसे अडकतील. सरहद्दीवरचं शहर शक्यतो टाळा, कारण तुम्ही ज्यांच्याशी लढताय त्यांच्या ताब्यात ते गेलं की वर्कशॉप हातचं जातं, भरपाई मिळत नाही. किती वर्कशॉप्स ठेवता येतील हे घराण्याच्या पायरीवर (नावलौकिकानं वाढणाऱ्या दर्जावर) ठरतं, त्यामुळे पहिली जागा तरी विचार करून धरा.

व्यापारी तांडा काढायला 15000 दिनार लागतात आणि एक साथीदार त्यात गुंततो. शांततेत तो बरे पैसे आणतो. तुम्ही एखाद्या राज्याची चाकरी धरली की त्या राज्याचे सगळे शत्रू तांड्याचेही शत्रू होतात, आणि मग साथीदार कुणाच्या कैदेत आहे ते शोधत बसावं लागतं. तांडा काढायचा तर चाकरी धरण्याआधी काढा.

अन्नाचा हिशेब याहून कडक आहे. वीस माणसांना दिवसाला एक नग अन्न. शंभरांच्या तुकडीला पाच, आठशेंच्या फौजेला चाळीस. नुसतं धान्य घेतलं तरी पोट भरतं, पण सोबत मासे, मांस, चीज, खजूर, तेल, लोणी अशी विविधता असेल तर फौजेचं मनोबल चढतं. हा नियम फक्त तुम्हाला नाही, संगणकाच्या सरदारांनाही आहे. म्हणून पाच-सहा सरदारांची फौज शहरावरून गेली की तिथला बाजार झाडून पुसून रिकामा होतो. तुम्ही दुसऱ्या दिवशी पोचलात तर धान्याचे दोन पोते, तेही लाल आकड्यात. फौज इकडून गेली हे कुणी सांगायची गरज उरत नाही. कॅलराडियातलं सगळ्यात जिवंत दृश्य कुठलं विचाराल तर ते हे रिकामं दुकान.

श्रीमंत शहरांचं दुखणंही खरं वाटतं. समृद्धी वाढली की खाणारी तोंडं वाढतात, गावं मात्र तेवढीच. अन्न उणे झालं की समृद्धी घसरते, शिबंदी कमी होते. शहर हाती आल्यावर आधी धान्याचं कोठार आणि मळे बांधा, बाजारपेठ नंतर. शिबंदीही हौसेनं फुगवू नका. चारशे शिपाई तटावर छान दिसतात, पण ते खातात.

जे पिकतं ते बारमाही

आता पहिला मोठा दोष. खेळातलं वर्ष 84 दिवसांचं, चार ऋतू, प्रत्येकी 21 दिवस. हिवाळ्यात नकाशा पांढरा होतो, बर्फात चाल मंदावते. पण शेतीला ऋतू नाही. गहू रोज पिकतो, द्राक्षं रोज तयार होतात, हिवाळा असो की उन्हाळा. तासगाव-पलूसच्या बागायतदाराला हे दाखवलं तर तो हसेल. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग माल, मग बेदाण्याचे रॅक, आणि मध्येच एका अवकाळी पावसानं सगळं पाण्यात, अशा चक्रावर ज्यांचं वर्ष चालतं त्यांना या जगात वेळ थांबल्यासारखी वाटते. ऋतूला शेतीची जोड नसल्यानं मोहिमेलाही ऋतू नाही. सुगीच्या आधी गाव जाळलं काय आणि नंतर जाळलं काय, नुकसान सारखंच.

त्याच्याच पोटातला दुसरा दोष म्हणजे साठेबाजी नाही. हरिपूरला हळदीची पेवं होती ती कशासाठी? माल जमिनीत पुरून ठेवायचा आणि भाव आला की काढायचा. मध्ययुगात धान्याचं राजकारण म्हणजे साठ्याचंच राजकारण. इथला व्यापारी मात्र मिळालेला माल पुढच्या शहरात विकून मोकळा होतो. दुष्काळाची चाहूल घेऊन कुणी माल दाबून ठेवत नाही, कुणी सावकारी करत नाही. शहरातल्या व्यापाऱ्यांना नावं आहेत, चेहरे आहेत, पण धंद्याचं डोकं नाही.

या बाबतीत मॅनर लॉर्ड्स पुष्कळ पुढे आहे. एप्रिल 2024 पासून तो अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आहे आणि मुख्यतः एकाच माणसानं घडवलाय. तिथे नांगरणी, पेरणी, सुगी महिन्यांवर चालते, पीक बदलून घ्यावं लागतं, एक वर्ष जमीन पडीक ठेवावी लागते, आणि थंडीआधी कापणी झाली नाही तर पीक जातं. पट्टा फार मोठा आखला तर नांगरणीच वेळेत उरकत नाही, म्हणून एकरी हिशेब छोटा ठेवावा. लाकडाचा ओंडका बैल ओढत नेतो. बैल एकच असेल तर सगळी बांधकामं त्या एका बैलासाठी खोळंबतात, म्हणून पहिल्या पैशात दुसरा बैल घ्यायचा. बैलावाचून काम अडणं हे आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको. फक्त मॅनर लॉर्ड्सचं जग आपल्या पंचक्रोशीबाहेर पातळ आहे. आपलं गाव जिवंत, शेजारचं राज्य नावापुरतं.

पाटील, जमीनदार आणि सहा जागा

बॅनरलॉर्डमध्ये शिपाई दुकानात मिळत नाहीत. गावात पाटील आणि जमीनदार, शहरात व्यापारी, कारागीर आणि गल्लीतले दादा. या वजनदार असामींकडेच भरतीची पोरं असतात, प्रत्येकाकडे सहा जागा. तुमचे संबंध जेमतेम असतील तर पहिल्या एक-दोन जागाच उघड्या. संबंध वाढतील तशा वरच्या जागा खुल्या होतात, आणि वरच्या जागांवरची पोरं तयारीची असतात. वजन जास्त असलेल्या गावच्या असामीकडे कधीकधी खानदानी पोरगंही मिळतं, ज्यातून पुढे त्या राज्याचा सगळ्यात भारी शिपाई तयार होतो.

संबंध वाढतात ते कामं केल्यानं. पाटलाला बियाणं हवं असतं, जनावरं हवी असतात, जमीनदाराला मजूर हवे असतात, व्यापाऱ्याच्या मालावर डल्ला मारणारे शिकारी आवरायचे असतात. ही कामं नुसती खेळाडूच्या सोयीला टांगलेली नाहीत. अडचण सोडवली नाही तर गावाच्या उंबऱ्यांची वाढ खुंटते किंवा शहराची सुरक्षितता घसरते. उंबरे कमी म्हणजे माल कमी, माल कमी म्हणजे शहराला अन्न कमी. म्हणजे पाटलाला बियाणं मिळालं नाही याची झळ शेवटी शहराच्या तटावरच्या शिपायाला बसते. हे जोडकाम उत्तम जमलंय.

नवख्यांना एक सल्ला: सगळ्या नकाशावर भटकून भरती करू नका. एक शहर आणि त्याची तीन-चार गावं धरा, तिथल्याच असामींची कामं करा. महिना-दीड महिन्यात तिथल्या चौथ्या-पाचव्या जागा उघडायला लागतात. लढाईत निम्मी फौज गमावली तरी दोन दिवसांत उभी राहते, आणि वाटेवरचा जथा वाचवायला हात शिवशिवतात, कारण तो आता ओळखीच्या गावचा असतो.

वेढा

वेढ्याचं गणित पोटावरच बसवलंय आणि इथपर्यंत ते ठीक आहे. शहराला वेढा पडला की गावकरी आत येऊ शकत नाहीत, साठा रोज खाली येतो, शून्यावर आला की शिबंदी उपासमारीनं गळू लागते. वेढा घालणाऱ्यालाही तीच भूक. आठशेंची फौज, रोज चाळीस नग. त्यावर फौजेची एकी रोज घसरते, ती टिकवायला राज्यात कमावलेलं वजन (तोही एक आकडाच) खर्च करावं लागतं, नाही तर सरदार आपापल्या वाटेनं जातात.

करायची पद्धत अशी. छावणी झाली की दगडफेकीची यंत्रं बांधायला घ्या, पण एकेक पूर्ण होताच ते राखीव ठेवा. एकटं यंत्र पुढे काढलं तर तटावरची यंत्रं त्याचा लगेच भुगा करतात. चार तयार झाली की एकदम मांडा. आधी तटावरची यंत्रं पडतात, मग तट. दोन भगदाडं पडल्याशिवाय हल्ला करू नका, कारण शिड्यांवरच्या हल्ल्यात संगणकाच्या शिपायांची अक्कल गहाण पडते. दोनशे माणसं एका शिडीखाली दाटी करून उभी, वरून दगड पडतायत आणि शेजारची शिडी मोकळी. बऱ्याच सुधारणा होऊनही हा रोग पुरता गेलेला नाही.

पण वेळेचं मान बिघडलंय. औरंगजेबानं साताऱ्याच्या किल्ल्याला 1699 च्या डिसेंबरात वेढा घातला, किल्ला हाती आला 1700 च्या एप्रिलात. काळ बॅनरलॉर्डच्या बराच नंतरचा, तोफा-बंदुकांचा, तरी डोंगरी किल्ल्यापुढे पातशाहाची खासा फौज चार महिन्यांवर अडकली. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. त्यातल्या एकानं तट बाहेरच्या अंगाला ढासळला आणि खाली हल्ल्याच्या तयारीत उभी असलेली मोगली फौजच दगडांखाली गेली. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी पुढेही झुंज चालू ठेवली. अजिंक्यताऱ्याच्या मंगळाईच्या बुरुजाखाली उभं राहून वर पाहिलं की वेढा म्हणजे काय ते कळतं. कॅलराडियात बहुतेक वेढे आठ-दहा दिवसांत आटोपतात. सुरुंग नाही, फितुरी नाही, रात्री दोर लावून चढणारी माणसं नाहीत, वाटाघाटीनं किल्ला खाली करणं नाही. संगणकाचे सरदार तर उपासमारीची वाटही बघत नाहीत, तट पडला की घुसतात. डोंगरी किल्ला आणि मैदानातली गढी यांत फरक फक्त नकाशावरच्या चित्राचा.

शहर पडल्यानंतरचा भाग मात्र चांगला आहे. नव्या मालकाची संस्कृती शहराच्या संस्कृतीहून वेगळी असेल तर निष्ठा रोज घसरते. निष्ठा तळाला गेली आणि शिबंदीपेक्षा नगररक्षक भारी झाले की शहर बंड करतं, आणि बंडखोरांचं स्वतःचं घराणं नकाशावर उभं राहतं. उपाय म्हणजे त्याच संस्कृतीचा साथीदार गव्हर्नर नेमा, निष्ठा वाढवणारा रोजचा उपक्रम चालू ठेवा आणि सुरुवातीला शिबंदीत कंजुषी करू नका. वर शिबंदी फुगवू नका म्हटलं ते मुरलेल्या शहराबद्दल, नुकत्याच घेतलेल्या शहराबद्दल नव्हे.

आणि आठवण

इथे खेळ नापास होतो.

एका शत्रू सरदाराला लढाईत धरलं आणि सन्मानानं सोडून दिलं. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. तिसऱ्या वेळी गाठ पडल्यावर तो काय म्हणतो? पहिल्या भेटीत म्हणाला होता तेच. संबंधांचा आकडा वर गेलेला असतो, पण तो आकडा बोलत नाही. का वाढला, कुठल्या लढाईमुळे, हे त्याच्या तोंडून कधीच येत नाही. सरदारांना दया, शौर्य, इमान, औदार्य आणि धोरणीपणा असे पाच स्वभावगुण दिलेत. त्यांचा परिणाम आतल्या हिशेबात होतो, बोलण्यात फारसा जाणवत नाही. तुम्ही ज्याचं गाव जाळलं तो जमीनदार आकड्यानं नाराज होतो, पण जाळपोळीचा उल्लेख करत नाही. सरदाराचं मुंडकं उडवलं तर त्याचे नातेवाईक आणि इमानदार मंडळी तुमच्यावर उलटतात, एवढीच एक जागा जिथे जगाला काही लक्षात राहिल्यासारखं वाटतं.

हारलेला सरदार सुटतोही फार लवकर आणि थोड्याच दिवसांत नव्या फौजेनिशी पुन्हा समोर येतो. मोठ्या विजयानंतर निदान एक ऋतूभर सरहद्द शांत राहायला हवी, ती राहत नाही. राज्यं एक युद्ध मिटवून दुसरं काढतात, खंडणी कुणाकडून कुणाला हे ठरतं, आणि कारण विचारायची सोय नाही. लढाया भरपूर, वैर कुठेच नाही.

गंमत म्हणजे वॉरबँड या बाबतीत जुना असून सरस होता. तिथे सरदार मेजवान्या द्यायचे. युद्ध नसताना एखाद्या किल्ल्यात दहा-बारा सरदार जमलेत, कोण कुणाशी बोलत नाही ते कळतंय, कुणाच्या मुलीशी बोलायला शाहिराकडून कवन शिकून जावं लागतंय. बॅनरलॉर्डमध्ये मेजवानी नाही. नकाशावरचे सरदार एक तर लढतात, नाही तर भरती करतात. फुरसत कुणालाच नाही, आणि फुरसत नसलेलं जग यंत्रासारखं वाटतं.

उलट टोकाला क्रुसेडर किंग्ज 3 आहे, पॅराडॉक्सचा, 2020 चा. तिथे प्रत्येक माणसाचं तुमच्याबद्दलचं मत कारणांसकट उलगडून दिसतं: बापाला कैदेत टाकलं म्हणून इतके उणे, जमीन दिली म्हणून इतके अधिक. गुपितं असतात, ती वापरून दबाव टाकता येतो, स्वभावाविरुद्ध वागलं तर मनावर ताण चढतो. शिवाय नकाशात आपला दख्खनही आहे, 1066 ला सुरुवात केली तर कल्याणीचे चालुक्य भेटतात. पण त्या जगात कुणालाही जेवायला लागत नाही. धान्य नाही, बाजार नाही, फौजेची रसद म्हणजे एक पट्टी. तिथे सगळं मनात चालतं, इथे सगळं पोटात. दोन्ही एका खेळात आणलेलं अजून तरी पाहण्यात नाही.

जन्म-मृत्यूची सोय बॅनरलॉर्डमध्ये आहे, पण हिशेब करून बघा. वर्ष 84 दिवसांचं आणि मूल कर्तं होतं 18 व्या वर्षी, म्हणजे 1512 दिवस. बहुतेकांचा खेळ तोवर राज्य जिंकून किंवा कंटाळून संपलेला असतो. पुढची पिढी बघायचीच असेल तर सावकाश खेळायला लागतं.

मधूनमधून एखादी प्रेमानं केलेली बारीक गोष्ट सापडते ती मद्यालयात. तिथे सहा खरेखुरे जुने पटावरचे खेळ खेळता येतात. त्यातला बाघचाल नेपाळचा, चार वाघ आणि वीस शेळ्या, आपल्याकडच्या वाघ-बकरीच्याच कुळातला. शेळ्यांकडून खेळा. घाई न करता कडेनं सोंगट्या भरत गेलं की संगणक अडकतो.

कसा खेळावा, कशावर खेळावा

सुरुवातीला कॅम्पेन की सँडबॉक्स असं विचारतात. सँडबॉक्स घ्या. कॅम्पेनची कथा म्हणजे दहा सरदारांना तोच प्रश्न विचारत हिंडणं. भरती आणि नकाशावरचा वेग या दोन्ही गोष्टी सगळ्यात कठीण पर्यायावर ठेवा. लढाईतली स्वतःची इजा हवी तर कमी ठेवा, त्यानं जगाचं काही बिघडत नाही. जन्म-मृत्यू चालू ठेवा.

तलवारी घडवायच्या नादाला लागू नका, निदान विकण्यासाठी तरी नाही. दोन हातांची चांगली तलवार घडवता आली की ती हजारो दिनारांना जाते, चार तलवारींत शहराच्या बाजारातली सगळी रोकड तुमच्या खिशात येते आणि वर कौतुक केलेली अख्खी अर्थव्यवस्था निरर्थक होते. टेलवर्ल्ड्सनं याच्या किमती बऱ्याच वेळा खालीवर केल्या, तरी भोक बुजलेलं नाही.

घराण्याच्या पहिल्या पायरीवर भाडोत्री चाकरी मिळते, दुसऱ्या पायरीवर सरदारकी. दुसरी पायरी आली म्हणून लगेच उडी मारू नका. सरदार झालात की सतत बोलावणी येतात आणि बाजार, पाटील, गावं हे सगळं मागे पडतं. म्हणजे खेळाचा जो भाग चांगला तोच सुटतो. नकाशावर ऑल्ट दाबून ठेवलं की जवळच्या गावांची आणि जथ्यांची नावं दिसतात. ही सवय लावून घ्या.

भाषांच्या यादीत भारतीय भाषा एकही नाही. इंग्रजी साधी आहे, शाळकरी पोराला जमेल.

यंत्राबद्दल. कंपनीची किमान मागणी 6 जीबी रॅम, शिफारस 8 जीबी आणि जीटीएक्स 1060 च्या तोडीचं कार्ड, जागा 60 जीबी. प्रत्यक्षात 16 जीबी रॅम आणि एसएसडी असेल तरच त्रास होत नाही. हार्ड डिस्कवर प्रत्येक गावात शिरताना ताटकळावं लागतं. लढाईतल्या माणसांची संख्या 200 ते 1000 ठेवता येते. मधल्या किमतीचा लॅपटॉप असेल तर 400 वर ठेवा, बाकीचे शिपाई कुमक म्हणून येत राहतात, निकालात फार फरक पडत नाही. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद खोलीत हजाराची लढाई लावली तर लॅपटॉप तापून प्रोसेसर आपोआप वेग उतरवतो आणि चित्र अडखळायला लागतं. कार्ड कमी पडलं असं वाटतं, पण कारण उष्णता असते. लॅपटॉप मागून उचलून ठेवा, फ्रेमरेट 60 वर बांधून टाका. सगळ्यात जड प्रसंग वेढ्याचा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर सेव्ह चालू असताना वीज गेली की ती फाइल गेलीच समजा, म्हणून दोन-तीन वेगळ्या नावांनी सेव्ह ठेवा. पैसे आणि यंत्र दोन्ही बेताचे असतील तर वॉरबँड घ्या. तो जुन्या ऑफिसच्या लॅपटॉपवरही पळतो आणि मेजवान्या आहेत.

2025 मध्ये वॉर सेल्स नावाची भर आली, त्यात जहाजं, समुद्रातल्या लढाया आणि नॉर्ड लोक आहेत. मूळ खेळ अंगवळणी पडायच्या आत ती घेण्यात अर्थ नाही. आठवणीचा रोग त्यानं बरा होत नाही.

तो थोडाफार बरा होतो मॉड्सनी, म्हणजे खेळाडूंनीच लिहिलेल्या सुधारणांनी. डिप्लोमसी मॉडनं युद्ध आणि तहाला कारणं मिळतात, युद्धाला थकवा येतो, आणि नकाशा जरा शहाण्यासारखा वागायला लागतो. मॉड लावताना क्रम चुकला तर खेळ सुरूच होत नाही: लाँचरमध्ये सगळ्यात वर हार्मनी, मग बटरलिब, मग यूआयएक्स्टेंडरएक्स, मग एमसीएम (ही चारही इतर मॉड्सना आधार देणारी), त्याखाली खेळाचे मूळ भाग आणि शेवटी डिप्लोमसी. खेळाचं नवं अपडेट आलं की मॉड मोडतात. चालू मोहीम वाचवायची असेल तर स्टीममध्ये खेळाच्या प्रॉपर्टीजमधल्या बीटा विभागातून जुनी आवृत्ती निवडून तिथेच थांबा. आणि मोहीम अर्ध्यात असताना मॉड काढू नका, सेव्ह बहुधा उघडणार नाही.